ताकदीची गोळी

दमयंतीबाईंच्या हातून कधी दूध उतू गेलं नाही की कुणाच्या औषधाची वेळ टळली नाही, असं त्यांच्या नात्यागोत्यात बोललं जायचं. सासूबाईंचं सात वर्षांचं आजारपण त्यांनी काढलं, तेव्हापासूनची ही ख्याती. असली ख्याती फार वाईट. माणूस तिला जपत बसतो आणि तिच्यापायी नको तिथं गप्प राहतो.

लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तो उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि ते बीड बायपास ओलांडून सातारा डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरत चाललं होतं. तिथंच दमयंतीबाईंचं रो-हाऊस. बिल्डरनं जाहिरातीत चोवीस तास पाणी छापलं होतं. प्रत्यक्षात मार्चमध्येच बोअर आटले आणि चोवीस तास उरली ती टँकरची वाट. टँकर आला की दमयंतीबाई नवऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं चौघडी करून पाइपाच्या तोंडाला बांधायच्या, मगच पाणी हौदात सोडू द्यायच्या. फडकं गाळानं भरलं की आधी पाणी बंद करायचं आणि मग ते अलगद सोडवायचं, हे त्यांचं शास्त्र. टँकरवाल्यानं घाईत फडकं ओढलं, तर त्या अशा काही ओरडायच्या की शेजारची दारं उघडायची.

त्यांचे यजमान अनंतराव भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. मराठवाड्यातले जमिनीचे जुने कागद निजामाच्या काळातले, म्हणजे उर्दूतले, आणि काही मोडीतले. वडील तहसिलीत पेशकार, म्हणजे दफ्तर सांभाळणारे कारकून होते. त्यांनी छडीच्या धाकानं दोन्ही लिप्या पोराकडून घोटून घेतल्या होत्या. शहर वाढायला लागलं, ज्वारीच्या रानांचे प्लॉट पडायला लागले, आणि जो तो पणजोबाच्या नावाचा कागद घेऊन अनंतरावांच्या ओट्यावर यायला लागला. चष्मा कपाळावर सारून, उजवीकडून डावीकडं बोट फिरवत अनंतराव मोठ्यानं वाचायचे. आवाज खणखणीत. असं वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा ताठाही होता.

फेब्रुवारीत छावणीतले कमरोद्दीन, त्यांचे चाळीस वर्षांचे स्नेही, एक मुन्तखब घेऊन आले. मुन्तखब म्हणजे जमिनीच्या हक्काचा जुना सरकारी दाखला. अनंतराव वाचता वाचता मध्येच थांबले. बोट कागदावर तसंच, तोंड उघडं, आणि शब्द काही येईना.

“भाऊ, क्या हुआ?” कमरोद्दीन घाबरून उठले.

दहा मिनिटांनी जीभ परत आली. पहिलं वाक्य काय, तर “अक्षर फार गचाळ आहे.” सगळे हसले, दमयंतीबाई सोडून. एप्रिलमध्ये उजव्या हातातून पाण्याचा पेला सुटला आणि हात पाव तास लाकडासारखा पडून राहिला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

तपासण्या झाल्या. मानेतून मेंदूकडं जाणारी डाव्या बाजूची रक्तवाहिनी नव्वद टक्के बुजली होती. हृदय अधू, त्यामुळं मान उघडून शस्त्रक्रिया करणं धोक्याचं; तेव्हा मांडीतून तार घालून तिथं जाळी बसवायची, म्हणजे स्टेंट. ते करणाऱ्या डॉक्टर हिमानी पुण्याहून महिन्यातून दोनच शनिवारी यायच्या.

“काका, हे दोन इशारे झाले,” हिमानी म्हणाल्या होत्या. “डावी बाजू बोलण्याची आणि उजव्या हाताची. तिसऱ्यांदा झालं तर परत येईलच असं नाही.”

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. जाळी फुगवताना आतला गाळ सुटतो, तो वर मेंदूत जाऊ नये म्हणून पुढं एक बारीक छत्री उघडून ठेवतात.

“म्हणजे पाइपाला फडकं बांधायचं,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“अगदी तेच,” हिमानी खूश झाल्या. “आणि जाळीवर रक्त गोठू नये म्हणून या दोन गोळ्या. एक पांढरी, एक गुलाबी. एकही दिवस चुकवायची नाही. कुठून रक्त आलं तर मला फोन करा, पण आपल्या मनानं बंद करू नका.”

दमयंतीबाईंनी मान डोलावली. त्यांना हे सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, असंच तिथं सगळ्यांना वाटलं.

पहिली तारीख अनंतरावांच्या तापानं हुकली. दुसरी मिळाली चौदा मेची. त्याच्या आधीच्या रविवारी, बेचाळीसच्या उन्हात, अनंतरावांचा घोळणा फुटला. मराठवाड्यात उन्हाळ्यात घोळणा कुणाचा फुटत नाही? डोक्यावर पाणी थापायचं, कांदा फोडून हुंगायला द्यायचा, झालं. पण हे रक्त थांबेना. दोन टॉवेल भिजले, उशी भिजली. हौदात पाणी इतकंच होतं, की टॉवेल धुवायचे की डोक्यावर थापायचं, असा प्रश्न.

कामाला येणारी चंपाबाई टॉवेल पिळत म्हणाली, “बाई, लई रगत गेलं. ह्या पातळ करायच्या गोळ्याच नाय का बंद करत? आधीच माणसाच्या अंगात रगत उरलं कुठं, अन् त्याचं अजून पाणी करायचं!”

“गप बस गं,” दमयंतीबाई म्हणाल्या. पण शब्द डोक्यात राहिले.

फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोन केला की डॉक्टर म्हणणार, मग पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप अठ्ठावीस मे. तेवढ्यात तिसरा झटका आला तर? आणि गोळी तशीच चालू ठेवली आणि रक्त वाहतच राहिलं तर? इकडं आड, तिकडं विहीर. तेवढ्यात त्यांना सोयगावचा भाऊ आठवला. त्याची दाढ काढायची होती तेव्हा दातांच्या डॉक्टरनं याच गोळ्या पाच दिवस आधी बंद केल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी बंदच करतात की! मनाला हवं असलेलं कारण सापडायला वेळ लागत नाही, आणि हे तर आयतं घरात होतं.

अनंतराव सकाळी तळहात पुढं करायचे. दमयंतीबाई त्यावर तीन गोळ्या ठेवायच्या, बीपीची, पांढरी आणि गुलाबी. अनंतराव वर्तमानपत्रातून डोळे न काढता अंगठ्यानं तीन मोजायचे आणि तोंडात टाकायचे. दोनच निघाल्या असत्या तर विचारलं असतं. म्हणून सोमवारपासून गुलाबीच्या जागी दमयंतीबाईंनी स्वतःच्या डबीतली ताकदीची गोळी ठेवली. तीही गुलाबीच होती. पांढरी त्यांनी चालू ठेवली; अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही, अशी मनाची समजूत. बुधवारपर्यंत घोळणा पूर्ण थांबला. तेव्हा त्यांना, खोटं कशाला सांगा, आपल्या शहाणपणाचा अभिमानच वाटला.

शनिवारी सकाळी दवाखान्यात नर्सनं कागद भरून घेतला. अनंतराव आत कपडे बदलत होते. “गेल्या पंधरा दिवसांत कुठून रक्तस्राव?” नर्सनं विचारलं.

“नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या. हा शब्द इतका चटकन निघाला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग हिमानी आल्या. “काका, गोळ्या नियमित?”

“डॉक्टर, एखाद्या दिवशी सूर्य उगवायचा राहील,” अनंतराव हिरवा झगा सावरत म्हणाले. “आमच्याकडं गोळी चुकत नाही. मी तर बघतसुद्धा नाही काय देते ते.”

पुण्याहून आलेला मुलगा अमेय हसला. दमयंतीबाई साडीची निरी नीट करत राहिल्या. सांगायची वेळ हीच होती. पण चारचौघांत, मुलासमोर, ज्या माणसानं आत्ताच सूर्याची साक्ष काढली त्याच्यासमोर, सांगायचं कसं? थांबलं तर आहे रक्त, त्या मनाशी म्हणाल्या, आता कशाला उकरायचं.

हे काम शुद्धीवर ठेवूनच करतात. माणूस बोलतो, हात हलवतो, त्यावरून मेंदूला रक्त पोचतंय हे कळतं. अनंतरावांच्या उजव्या हातात एक पिवळं रबरी बदक दिलं होतं. डॉक्टर “काका, वाजवा” म्हणाल्या की दाबायचं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या दमयंतीबाईंना दार उघडमीट झालं की त्याचा आवाज यायचा, चीं, चीं. आयुष्यभर कागदावर फिरलेल्या त्या बोटांना म्हातारपणी खेळणं मिळालं, म्हणून त्यांना थोडं हसूही आलं.

तासाभरानं दार उघडलं. ओवैस नावाचा तंत्रज्ञ आला. मशीनचं काम बघणारा, तिशीतला मुलगा. “काकू, मॅडमनी आत बोलावलंय. अमेयभाई, तुम्हीपण. घाबरू नका, पण जल्दी चला.”

काचेच्या अलीकडं एक अरुंद खोली. काचेपलीकडं निळ्या चादरीखाली अनंतराव, दिसत होता फक्त उजवा हात आणि बदक. पडद्यावर रक्तवाहिनीचं काळं चित्र. हिमानी शिशाचा जड अंगरखा घालून पलीकडं उभ्या होत्या. आवाज स्पीकरमधून आला; अलीकडचं बोलणं पलीकडं जावं म्हणून ओवैसनं माइकचं बटण दाबून धरलं.

“दमयंतीताई, नीट ऐका. जाळी छान बसली होती. पाच मिनिटांपूर्वी आतून स्वच्छ होती. आता बघा.” काळ्या पट्ट्याच्या मध्ये एक पांढुरकी कड दिसत होती, वेडीवाकडी. “रक्त जाळीवर गोठतंय. गुठळी वाढतेय. इथलं रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन पुरेसं आहे, मी मोजून बघितलंय. गोळ्या पोटात असताना असं सहसा होत नाही. मला एकच सांगा, गोळ्या रोज चालू होत्या ना? चालू असतील तर तेच इंजेक्शन वाढवते आणि पाच मिनिटं बघते. नसतील तर थांबण्यात अर्थ नाही, दुसरं जहाल औषध लगेच द्यावं लागेल. पण ते दुधारी आहे, मेंदूतसुद्धा रक्तस्राव होऊ शकतो. उगाच देणार नाही मी ते.”

“आईच्या हातून चुकत नाही मॅडम,” अमेय म्हणाला.

हिमानी थांबल्या होत्या. दमयंतीबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग मुलाकडं.

“चालू होत्या,” त्या म्हणाल्या.

हिमानी वळल्या. काही आकडे बोलल्या, एक सिरिंज रिकामी झाली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. दमयंतीबाईंनी ती वेळ तेव्हा वाचली आणि नंतर कधी विसरू शकल्या नाहीत.

“काका, वाजवा.” चीं.

“शाब्बास. नाव सांगा पूर्ण.” अनंतरावांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं नाव खणखणीत घेऊन.

दमयंतीबाईंची नजर पुन्हा घड्याळाकडं गेली. पुन्हा चित्र घेतलं. ती पांढुरकी कड आता पट्ट्याच्या अर्ध्यावर आली होती. “काका, वाजवा.” बदक वाजलं, पण उशिरा, आणि अर्धंच. “काका, गाव कुठलं तुमचं?” पलीकडून काही तरी आलं, पण ते गावाचं नाव नव्हतं. कुठलाच शब्द नव्हता तो. “काका, वाजवा. दाबा काका.” बोटं उघडली आणि बदक चादरीवरून घरंगळून खाली पडलं. अकरा चोवीस.

दमयंतीबाईंनी ओवैसची बाही पकडली. “अरे, त्यांना सांग. नव्हती चालू. गुलाबी नव्हती.”

ओवैसनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग माइकचं बटण दाबून तो त्यांच्या तोंडासमोर धरला. “काकू, तुम्हीच बोला. सीधं सीधं.”

“गुलाबी गोळी मी बंद केली होती,” दमयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज काचेपलीकडच्या स्पीकरमधून मोठा होऊन घुमला. “सहा दिवस. मी बदलून दुसरीच देत होते. त्यांना माहीत नाही.”

चादरीखालचे पाय किंचित हलले. ऐकलं असेल का त्यांनी? डोकं बांधलेलं, तोंड पलीकडं. अमेय भिंतीला टेकला.

हिमानी रागावल्या नाहीत. रागवायलाही सवड लागते. “का बंद केली? रक्त आलं होतं?”

“घोळणा फुटला होता. रविवारी. बुधवारी थांबला.”

“नाकातूनच? पोटातून नाही, डोक्याला मार नाही?”

“नाही. देवाशप्पथ नाही.”

“नाकात बोळे भरून ठेवा,” हिमानी आतल्या नर्सला म्हणाल्या, “आणि औषध काढा.” पुढची काही मिनिटं दमयंतीबाईंना कुणी काही विचारलं नाही. जहाल औषध थेंबाथेंबानं त्याच नळीतून गुठळीच्या तोंडाशी सोडलं गेलं. पडद्यावर कड बारीक होत गेली, पण वरचं रक्त मात्र थबकलेलंच दिसत होतं.

“छत्री भरलीय, मॅडम,” ओवैस माइकवर म्हणाला.

“दिसतंय. अशीच ओढली तर सगळं वर जाईल. आधी नळीनं ओढून घेऊ.”

दमयंतीबाईंना हे समजत होतं. त्या खोलीत इतर काही समजलं नसेल, पण हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. एक सिरिंज ओढली, दुसरी ओढली, लालभडक रक्तात काळपट कण. मग छत्री मिटून बाहेर आली आणि पांढऱ्या कापडावर झटकली गेली. तिळाएवढे, तांदळाएवढे तुकडे. फडक्यात इतका गाळ अडकला तर हौदात किती गेला असेल?

शेवटचं चित्र घेतलं. मानेतली वाट मोकळी झाली होती, सरळ, स्वच्छ. पण वर मेंदूत जिथं फांद्या फुटतात तिथली एक फांदी चित्रात नव्हती. हिमानी बराच वेळ तिथं बघत राहिल्या. तिथवर मोठी नळी पोचत नव्हती. औषध आणखी थोडं सोडून बघितलं. फांदीचा बुडखा तेवढा दिसला.

नंतर हिमानींनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं. टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. “जीव वाचला आहे. आत रक्तस्राव झालेला नाही. पण बोलण्याच्या जागेला धक्का बसलाय. किती भरून येईल, आज सांगता येत नाही.”

“मी आधी सांगितलं असतं तर?” दमयंतीबाईंनी विचारलं. “अकरा वीसला?”

“ती फांदी नेमकी कधी बुजली, कुणीच सांगू शकणार नाही ताई,” हिमानी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “रविवारी फोन करायला हवा होता. घोळणा मी तिथून फोनवर थांबवला असता. तारीखसुद्धा पुढं ढकलली नसती.”

एवढंच. दमयंतीबाई रडल्या नाहीत. त्यांना स्वतःची इतकी किळस आली होती, की रडणं म्हणजे चैन वाटली.

दहा दिवसांनी अनंतरावांना घरी आणलं. उजवा हात पोटाशी दुमडलेला. चालता यायचं, धरून. शब्द एकच उरला होता, “हो.” कमरोद्दीन येऊन तासभर नुसते हात धरून बसले आणि पिशवीत आणलेला कागद न काढताच परत गेले. अमेय पुण्याला गेला. आईला तो एका शब्दानं बोलला नाही, पण आता रोज सकाळी त्याचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न एकच, “बाबांच्या गोळ्या दिल्यास?” पूर्वी कधी विचारत नव्हता.

जूनचा पहिला आठवडा. आभाळ कोरडं ठणठणीत. सकाळी अनंतराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. दमयंतीबाई गोळ्या घेऊन आल्या. आता त्या सुट्या गोळ्या देत नाहीत. त्यांच्यासमोर पाकिटं ठेवून, दाखवून, मग फोडतात.

“अहो, बघा,” त्यांनी गुलाबी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या डाव्या हातात दिलं. “नाव वाचा. तीच आहे का बघा. मी म्हणते म्हणून घेऊ नका.”

अनंतरावांनी पाकीट उलटं धरलं. चष्मा कपाळावर सारला. मग गुडघ्यावर ते पाकीट ठेवून डाव्या हाताचं बोट उजवीकडून डावीकडं, इंग्रजी अक्षरांवरून, सावकाश फिरवलं. एखाद्या मुन्तखबावर मान डोलवावी तशी गंभीरपणे मान डोलवली.

“हो,” ते म्हणाले, आणि तोंड उघडलं.

दमयंतीबाईंनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. मग त्या तिथंच पायरीवर बसल्या.

“मी गोळी बदलली होती. तुम्ही ऐकलं ना तिथं? मी बोलले ते?”

“हो.”

“हे सगळं माझ्यामुळं झालं.”

“हो.”

तीन आठवडे जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते दमयंतीबाईंनी विचारलं. “मला माफ केलंत?”

“हो,” अनंतराव म्हणाले. खणखणीत, पूर्वीसारखं.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. त्यांनी डोळे पुसले. पण सगळं दोनदा तपासून घ्यायची सवय, ती काही सुटत नाही माणसाची.

“अहो,” त्यांनी विचारलं, “आज टँकर आला होता का?”

“हो,” अनंतराव म्हणाले, त्याच आवाजात, तितक्याच खात्रीनं.

हौद चार दिवसांपासून कोरडा होता, आणि धोतराचं फडकं दोरीवर वाळून कडक झालं होतं.